बांधलेलं भिंग

“सर, तुम्ही तासाला आम्हाला डोळा का मारता हो?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि सगळा वर्ग चिडीचूप झाला. ती बाकाजवळ उभी होती, विचारून झालं तरी हात वरच. मागच्या बाकावर शिडीने बटणाच्या दंडाला करकचून चिमटा काढला, कारण पैज दोघींनी मिळून लावली होती आणि आता हरल्या होत्या. विचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर आम्ही वाहू, असं ठरलं होतं. शिडी म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी आणि बटण म्हणजे तिच्या कोपराला लागणारी. दोघींनाही खात्री होती की ही ऐन वेळी शेपूट घालेल. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा हिचा आवाज घशात अडकायचा.

जीवशास्त्राचे सर फळ्याकडे तोंड करून हृदयाचे कप्पे काढत होते. खडू थांबला. ते वळले आणि नेमका तेव्हाच त्यांचा डावा डोळा फडफडला, गाल वर ओढला गेला, ओठाचा कोपराही त्याच्यामागे खेचला गेला. कुणीतरी आतून दोरी ओढावी तसा. वर्ग फुटला. बाकं वाजली.

“वा,” सर म्हणाले. हसणं ओसरायची वाट बघत ते टेबलाच्या कडेवर टेकले. “केव्हापासून वाट बघतोय कुणीतरी विचारेल म्हणून. सगळे पाठीमागे विचारतात. तू बसू नकोस, उभीच राहा. एवढं धाडस केलंयस तर मागच्यांनाही तोंड दिसू दे तुझं.”

त्यांनी डस्टरने अर्धं हृदय पुसलं आणि तिथे एक गोल चेहरा काढला. दोन डोळे, एक नाक, सरळ रेघेचं तोंड.

“पापणी लवते ना, ती सगळ्यांची. जागरण झालं, परीक्षा आली, कॉफीचा मारा झाला, मोबाइल डोळ्यांत घालून बसलं की पापणीतला एक बारीकसा स्नायू कुरकुरतो. झोप मिळाली की काही दिवसांत आपोआप गप्प. त्याला घाबरायचं नाही.”

“मग कशाला घाबरायचं?” हे पैजेत नव्हतं. तिच्या तोंडून उगाचच निघून गेलं.

“घाबरायचं कशालाच नाही. दाखवायचं मात्र.” सरांचा खडू डोळ्यावरून गालावर उतरला, गालावरून ओठाशी आला. “असं खाली उतरायला लागलं की. एकाच बाजूला. किंवा डोळा आपला आपण गच्च मिटायला लागला, किंवा आठवडे गेले तरी थांबायचं नाव नाही, की मग डॉक्टर. आणि एक वेगळं.” त्यांनी सरळ तोंडाचा एक कोपरा पुसून खाली वाकवला. “चेहऱ्याची एक बाजू अचानक लोंबली, बोलणं अडखळलं, हातातली ताकद गेली, तर बघू, उद्या जाऊ, असलं काही नाही. त्याच मिनिटाला हॉस्पिटल. हे ओढणं वेगळं, ते लोंबणं वेगळं. कळलं?”

आता कुणी हसत नव्हतं.

“तुम्ही लगेच गेलात, सर?”

“छे. मास्तर लोक दुसऱ्यांना शिकवतात. उशिरा गेलो. आणि गंमत अशी की डॉक्टरांसमोर हा बेटा एकदम सज्जन! तासभर बसलो, गाल मख्ख. विश्रांती घ्या म्हणाले आणि पाठवलं घरी. दारातून बाहेर पडलो आणि लागला नाचायला. शेवटी बायकोने चोरून फोनवर टिपलं ते, तेव्हा कुठे पुढचं झालं. तपासण्या झाल्या. एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला टेकून बसलीय, एवढंच. काही महिन्यांनी इंजेक्शन घेतो, त्याचा जोर ओसरला की हा पुन्हा जागा होतो. पुढच्या आठवड्यात परत सुई. मिळालं उत्तर?”

“हो, सर.”

“मग बस. आणि संमेलनात माझी नक्कल करणार आहेस म्हणे, तर डोळ्यापासून सुरू कर. तू ओठापासून करतेस. मागच्या शनिवारी व्हरांड्यातून बघितलं मी. चुकतंय ते.”

तिचे कान तापले. वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

शाळा सुटल्यावर शिडी आणि बटण दप्तराचा एकेक पट्टा धरून तिच्या मागून चालल्या होत्या आणि ती पुढे राणीसारखी, हात हलवत. नक्कल तिला गेल्या उन्हाळ्यात सापडली होती. एका मोकळ्या तासाला ती मुख्याध्यापिकाबाईंसारखी खोकली आणि वर्ग ताठ बसला. त्या दिवसापासून कुणाचंही चालणं, शिंकणं, चष्मा पुसणं तिच्या अंगात आपोआप शिरायचं. उद्या सकाळी संमेलनाची रंगीत तालीम होती. पडदा उघडला की पहिली तीच.

“सरांचं आलं पाहिजे हं उद्या,” बटण म्हणाली. “त्यांनी स्वतःच परवानगी दिलीय आता.”

“येणार म्हणजे? घरी जाते आणि घोटवते.”

घर दुकानाच्या वर होतं आणि दुकान घड्याळांचं. विकायचं नव्हे, दुरुस्तीचं. काचेमागच्या टेबलावर तिचे बाबा दिव्याखाली वाकून बसत. समोर पांढरा कागद, चिमटे, उघडलेल्या घड्याळांवर धूळ बसू नये म्हणून पालथ्या घातलेल्या छोट्या काचेच्या वाट्या. आणि उजव्या डोळ्यात भिंग. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ते भिंग भुवई आणि गालाच्या मधे नुसत्या चिमटीत धरत आले होते. भिंग डोळ्यात ठेवून ते गिऱ्हाइकाशी बोलत, शिंकत, एकदा तर त्यांनी जांभईसुद्धा दिली होती. ज्यांना ते डोक्याला पट्टा लावून बांधावं लागतं त्यांच्याविषयी त्यांचं मत ठरलेलं होतं. ‘भिंग बांधतो तो घड्याळजी नव्हे, टांग्याचा घोडा.’

आज त्यांच्या डोक्याभोवती काळं इलॅस्टिक होतं.

“बाबा! घोडा झालात?”

“आला का आमचा गजर?” त्यांनी मान वर केली नाही. “जुनं झालंय भिंग. निसटतं. मघाशी एका चालू घड्याळावर पडलं. वर जा, आई येईल एवढ्यात.”

ती जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली. बाबांनी गजर हाक मारली की ती नेहमी गजरासारखीच ठणठणायची, आजही ठणठणली, आणि इलॅस्टिकचं विसरून गेली.

मोरीजवळच्या आरशासमोर उभी राहून तिने तोंड धुतलं आणि कामाला लागली. ओठापासून नाही, डोळ्यापासून. पापणी दोनदा फडफडवायची. मग डोळा मिटायचा, पण आपण मिटल्यासारखा नाही, कुणीतरी मिटवल्यासारखा. मग गाल. पहिल्या खेपेला माकड झालं, पुढच्याला म्हातारी. मग एकदा सगळं जागच्या जागी पडलं. डोळा, गाल, ओठ, एकामागोमाग, आतल्या एकाच दोरीने. तिने पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिला इतका आनंद झाला की ती स्वतःलाच टाळी देणार होती.

आरशात तिच्या खांद्यामागे बाबा उभे होते. तेलाचे हात पुसायला घेतलेला टॉवेल तसाच हातात.

“किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं.

“आजच! आत्ताच जमलं!”

“आईला दाखवलंस?”

“अजून नाही. कसं होतंय?”

बाबांनी टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“हसण्यासारखं दिसतं का गं ते? इतकं?”

“काय?”

“मला वाटत होतं, दाढीत झाकलं जातंय.”

ती वळली. आणि आरशात नव्हे, समोर, हाताच्या अंतरावर, बाबांचा उजवा डोळा फडफडला. मिटला. गाल वर चढला, नव्या दाढीतले केस हलले, ओठाचा कोपरा ओढला गेला आणि क्षणभर तिथेच अडकून राहिला. मग सुटला. डोळा, गाल, ओठ. त्याच क्रमाने.

“बाबा,” ती म्हणाली, “मी आमच्या सरांची नक्कल करत होते.”

नळ ठिबकत होता. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं लाजणं हळूहळू उतरून त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. बाबांना घाबरलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते काय आहे हे कळायलाही तिला वेळ लागला.

“मग विसर,” ते म्हणाले. “भिंगाचा दाब पडतो, बाकी काही नाही. आईला सांगू नकोस.”

जेवायला बसले तेव्हा तिचं लक्ष बाबांकडेच होतं. बाबा भिंतीकडच्या खुर्चीत बसले. ही त्यांची खुर्ची नव्हती. त्यांची खिडकीजवळची. ती त्यांनी कधी सोडली? उजेड डोळ्यांवर येतो म्हणाले होते आणि कुणी काही विचारलं नव्हतं. भिंतीकडून त्यांची फक्त डावी बाजू दिसायची. दाढीसुद्धा तेव्हाचीच. आई त्यांना ‘ऋषिमुनी’ म्हणून चिडवायची आणि ते हसायचे, एका बाजूने.

आई शहराची बस चालवायची. जेवताना दिवसभराचे प्रवासी एकेक करून ताटाभोवती उतरवायची तिची सवय होती.

“आज एक आजोबा चढले. मला म्हणतात, बाई, हळू चालवा, मी लग्नाला चाललोय. मी म्हटलं, आजोबा, कुणाच्या? तर म्हणतात, माझ्याच!” आई स्वतःच खो खो हसली. मग थांबली. “आज गजर बंद पडला का? किल्ली द्यायची राहिली?”

ती हसली नाही. ती पुढे वाकून बाबांच्या तोंडाकडे बघत होती. ओठाचा कोपरा सरळ आहे ना? की किंचित खाली? हे ओढणं आणि ते लोंबणं. फळ्यावर सगळं किती स्पष्ट होतं, आणि इथे दाढी, दिव्याची सावली, चावणारं तोंड. खाली आहे. नाही, नाहीये. आहे?

“बाबा, वरच्या फळीवरचा मोठा डबा काढून द्याल? दोन्ही हातांनी.”

“आत्ता? जेवताना?”

“द्या ना.”

बाबा उठले. दोन्ही हात वर गेले, सारखे. डबा खाली आला. तिने तो उघडलाही नाही.

“आता म्हणा, चटईला टाचणी टोचली.”

“काय चाललंय तुझं?”

“म्हणा ना, बाबा. भरभर.”

“चटईला टाचणी टोचली, चटईला टाचणी टोचली,” आईनेच सुरू केलं आणि तिसऱ्या खेपेला तिची टाचणी चटणी झाली. “मला नाही जमत. म्हणा हो तुम्ही, पोरीची हौस आहे.”

बाबांनी ताटावरची नजर उचलली. ते तिच्याकडे बघत राहिले, उघडलेल्या घड्याळात खोट शोधावी तसे, आणि ती का विचारतेय हे त्यांना कळलं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर मोजून म्हटलं, “चटईला टाचणी टोचली. चटईला टाचणी टोचली. चटईला टाचणी टोचली.”

एकही अक्षर घसरलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“अगं बाई! रडायला काय झालं?” आईने तिचा खांदा धरला. बाबांनी पाण्याचा पेला उचलला, काहीतरी करायचं म्हणून, आणि तो ओठांना लागला तेव्हाच दोरी ओढली गेली. पाणी दाढीवरून शर्टावर सांडलं. त्यांनी झटकन तोंड भिंतीकडे फिरवलं.

आई उठली. टेबलाला वळसा घालून, भिंत आणि खुर्ची यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत घुसून ती त्यांच्या समोर उभी राहिली. गाल अजून थरथरत होता. तो थांबेपर्यंत ती बघत राहिली.

“हे आहे होय,” मग ती म्हणाली. “मला वाटलं, माझ्यावर रुसलात. इतके दिवस तोंड फिरवून बसताय, म्हटलं, काय बोलले मी असं?”

“तुझं काय त्यात.”

“मग सांगायला काय झालं होतं?”

बाबांनी शर्टाने दाढी पुसली. “आमच्या वडिलांचं तोंड असंच वाकडं झालं होतं. सकाळी. संध्याकाळपर्यंत त्यांना माझं नाव घेता येईना. पुढचं तुला माहीत आहे. रोज सकाळी उठलो की आधी माझं नाव म्हणून बघतो मी. मनातल्या मनात नाही, मोठ्याने.”

खाली दुकानात घड्याळांचे ठोके पडू लागले, एक संपेपर्यंत दुसरं, कारण दुरुस्तीला आलेली घड्याळं कधीच एकमेकांशी जुळत नसत.

“आजोबांचं ते लोंबणं होतं, बाबा,” ती म्हणाली. “हे ओढणं आहे. सरांचं पण ओढणं आहे. ते शिकवतात, ओरडतात, सगळं करतात. पण दाखवायला पाहिजे. डोळ्यावरून खाली उतरलं की दाखवायचंच. नक्की काय आहे ते सरांना काय ठाऊक, ते काही डॉक्टर नाहीत. मला पण नाही ठाऊक.”

“दाखवलं आणि म्हणाले, भिंग सोडा, तर? दुसरं काय येतं मला?”

“आज चालू घड्याळावर पडलं ना?” ती म्हणाली. “भिंग तुम्ही आधीच सोडलंय, बाबा. बांधलंय ते.”

आईने फोन उचलला. “उद्या जायचं. माझी पाळी बदलून घेते. आणि आता झालं की मी फोनवर टिपते, म्हणजे डॉक्टरांना...”

“नाही.” बाबांचा हात गालावर गेला. “माझं असलं तोंड फोनमध्ये ठेवायचं नाही. नाही म्हणजे नाही.”

“आणि तिथे झालंच नाही तर? खोटं वाटेल त्यांना.”

“वाटू दे.”

आईने फोन खाली ठेवला. बाबांचं नाही म्हणजे काय असतं हे तिला लग्नापासून माहीत होतं. ताटातलं अन्न गार होत होतं. मुलीने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि बाबांच्या समोर, दिव्याच्या उजेडात, चेहरा धरला.

“बघा हं,” ती म्हणाली. पापणी फडफडली. डोळा मिटला. गाल, ओठ.

आईने तोंडावर हात ठेवला.

बाबा चिडतील असं तिला वाटलं. पण ते पुढे वाकले. डोळे बारीक झाले, मान किंचित कलली. भिंग नसताना भिंग लावल्यासारखी.

“गाल उशिरा येतो तुझा,” ते म्हणाले. “मधे थांबतेस. माझा डोळा मिटतो तसाच गाल उचलला जातो. जोडलेले आहेत ते.”

तिने पुन्हा केलं.

“हां. आता ओठ. वर जातो आणि तिथे अडकतो. सोडू नकोस लगेच. धर. धर. आता सोड. आणि कधी कधी शेवटी हनुवटीवरही येतं. इथे. बारीक. हे कुणालाच दिसत नाही, मला कळतं फक्त.”

तिने हनुवटीही केली. बाबांनी बोट लावून ती जागा थोडी डावी-उजवी केली, एखादा काटा नेमक्या आकड्यावर आणावा तशी. पुन्हा. पुन्हा एकदा. आई भिंतीला टेकून बघत होती, तिच्या डोळ्यांसमोर मुलीच्या कोवळ्या गालावर नवऱ्याचा चेहरा येत होता, जात होता.

“बरोबर,” शेवटी बाबा म्हणाले, आणि हात मागे घेतला. “असंच होतं.”

तिचा गाल दुखत होता. रोज, इतक्यांदा, हे असंच त्यांना दुखत असेल का, हे तिने विचारलं नाही. ती उठली, वर्गात उभी राहिली होती तशी, फक्त या वेळी टेबलाची कड धरून.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्या तालमीला मी जाणार नाही. आई, गाडी तू चालव, बाबा पुढे बसतील, मी मागे. तिथे गेल्यावर ते झालं नाही, तर मी करून दाखवीन, हनुवटीसकट. त्यानंतर ही नक्कल बंद, कुणाचीच नाही करणार, सरांची पण नाही. आणि तिथे झालं, तर मी काहीच करणार नाही. नुसती तुमच्या उजव्या बाजूला बसेन.”